पगारातले दोनशे आणि दुष्काळातलं काम

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर बघून भाचा वैतागतो. हे पैसे रोजगार हमीसाठी, म्हणजे गावात मागेल त्याला काम देणाऱ्या सरकारी योजनेसाठी, असं सांगितलं तर म्हणतो, "मजुरी बाजारच ठरवेल की! सरकारने मध्ये कशाला पडायचं?" हा कर १९७५ साली आला तो या हमीला पैसा उभा करायलाच. योजना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, १९७२च्या दुष्काळात राज्यभर गेलेली.

मजुरीत बाजार सरस. द्राक्षाच्या छाटणीत किंवा कापूस वेचणीच्या घाईत हमीचा दर कुणी विचारत नाही. जास्त पैसे रोख, तेही त्याच आठवड्यात. हमीचे पैसे रखडतात, हजेरीपटात गडबडी होतात. यात सरकारची बाजू घेण्यासारखं काहीच नाही.

पण पाऊस दडी मारतो तेव्हा? शेतकऱ्याकडेच काम नसतं, म्हणजे मजुराला सगळ्यात गरज असते नेमका तेव्हाच बाजार गप्प. हमीत काम मागितलं की देणं कायद्याने बंधनकारक, आणि बाई-पुरुषांना दर एकच. बाजारात आजही बाईच्या हातावर कमी पडतात.

टिकाऊपणाचं म्हणाल तर हमीचे माती-मुरमाचे रस्ते पावसात वाहून गेलेत. विहिरी आणि १९९०पासूनच्या फळबागा मात्र उभ्या आहेत.

बागायती पट्ट्यात, हातात कसब असेल तर बाजारच बरा. कोरडवाहू गावात, लेकरं टाकून ऊसतोडीला जायचं नसेल तर हमी. भाच्याचे दोनशे त्यासाठीच.