स्ट्रिंगची कामं पायथनमध्ये ठेवायची की क्वेरीत न्यायची?

पायथनमधली स्ट्रिंगची (म्हणजे मजकुराची) साफसफाई एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या क्वेरीत, न्यायची म्हटलं की वाटतं, फंक्शनांची नावं बदलली की झालं. अपर, रिप्लेस ही खरंच सरळ जातात. त्रास देतात ती नाव सारखं पण वागणं वेगळं असलेली फंक्शनं. निर्णय त्यांच्याकडे बघून घ्यावा.

स्ट्रिप आणि ट्रिम घ्या. पायथनचं स्ट्रिप स्पेस, टॅब, नवी ओळ, कडेचं सगळंच कापतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसांचं ट्रिम, वेगळं काही सांगितलं नाही तर, फक्त स्पेस कापतं. मी अशीच एक यादी क्वेरीवर नेली आणि जुळायला हवेत ते कोड जुळेनात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. लांबी छापली तेव्हा एक सहा, दुसरा सात. शेवटी टॅब चिकटलेला होता.

लांबीचंही तसंच. ‘नमस्ते’ची लांबी पायथनचं लेन 6 सांगतं, पोस्टग्रेसचं लेंग्थही 6. (हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.) मायएसक्यूएलचं लेंग्थ मात्र बाइट मोजतं, म्हणून यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत 18. तिथे कॅर_लेंग्थ हवं. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर हा फरक दिसतच नाही, म्हणून चाचणीत देवनागरी ओळी हव्यातच.

तुकडा काढताना पायथन 0 पासून मोजतो, एसक्यूएल 1 पासून. सवयीने सबस्ट्रिंगला 0 दिलात, तर तीन अक्षरं मागून पोस्टग्रेस दोनच देतं आणि मायएसक्यूएल रिकामी स्ट्रिंग. एरर कुठेच येत नाही.

मला सगळ्यात धोक्याचं वाटतं ते नल, म्हणजे मूल्यच नसणं. पायथनमध्ये नन (तिथलं नल) आणि स्ट्रिंग जोडायला गेलात तर प्रोग्राम तिथेच थांबतो, चूक लगेच कळते. पोस्टग्रेसमध्ये || ने जोडताना एक नल आला की अख्खं उत्तर गुपचूप नल होतं. मायएसक्यूएलच्या कॉनकॅटचंही तेच. शिवाय तिथे || चा मूळ अर्थच ‘किंवा’ असा आहे. मधलं नाव नसलेल्या माणसाचं पूर्ण नावच गायब होतं ते असं. कॉनकॅट_डब्ल्यूएस दोन्हीकडे नल वगळतं, तेच वापरा.

मग क्वेरीत न्यायचंच कशाला? लाखो ओळी नेटवर्कवरून ओढून त्यातल्या पन्नास ठेवायच्या असतील, तर गाळणी डेटाबेसमध्येच हवी, यात मला शंका नाही. फक्त व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, लोअर(ईमेल) लिहिलंत तर ईमेलवरचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कामी येत नाही. पोस्टग्रेसमध्ये लोअर(ईमेल) या एक्स्प्रेशनवरच इंडेक्स करा. मायएसक्यूएलमध्ये ही सोय 8.0.13 पासून आहे.

पाच-सहा अटी एकात एक गुंफलेली साफसफाई मात्र मी पायथनमध्येच ठेवते आणि स्वच्छ मजकूर वेगळ्या कॉलममध्ये साठवते. जे क्वेरीत नेते, ते आधी त्याच ओळींवर दोन्हीकडे चालवून फक्त न जुळणाऱ्या ओळी बघते. टॅबवाला कोड तिथे पहिल्याच पानावर दिसला असता.