सोळा वर्षांच्या मुलासाठी कोणते ड्रम कोअर: एकवीसपर्यंतचे की सर्व वयांचे?

हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये दोन वर्षे काढली की बऱ्याच मुलांना ड्रम कोअरचे, म्हणजे मैदानावर कवायत करत ड्रम आणि पितळी वाद्ये वाजवणाऱ्या स्पर्धक पथकांचे, वेध लागतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघाला की आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: “त्यात मोठी माणसंही असतात ना?” आणि सर्व वयांचे कोअर तिथेच यादीतून बाद होते. राहते ते ‘मुलांचे’ कोअर. मला ही छाननीच उलटी वाटते.

मुलांचे समजले जाणारे कोअर म्हणजे डीसीआयचे, अर्थात ड्रम कोअर इंटरनॅशनलचे ज्युनिअर कोअर. या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली झाली. वयाची अट साधी: १ जूनला बाविसावे पूर्ण झालेले नसावे. वर्ल्ड क्लासच्या, म्हणजे सर्वात वरच्या गटातल्या, कोअरमध्ये १६५ जणांपर्यंत परवानगी आहे. हिवाळ्यात निवड आणि महिन्या-दीड महिन्याने एखादे शिबिर, मे महिन्यात बाडबिस्तरा घेऊन मुक्काम, मग देशभर दौरा आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये समारोप.

सर्व वयांच्या कोअरची मुळे अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत. न्यू जर्सीचे हॉथॉर्न कॅबालेरोज १९४६ पासूनचे. पूर्वी अशा पथकांना ‘सीनिअर कोअर’ म्हणत आणि त्यांची स्वतंत्र संघटना होती, डीसीए, अर्थात ड्रम कोअर असोसिएट्स. तिच्या १९६५ च्या पहिल्या स्पर्धेत पेनसिल्व्हेनियाच्या रेडिंग बकनीअर्सनी विजेतेपद मिळवले. २०२५ पासून डीसीआयच्याच छत्राखाली त्यांचा ऑल-एज, म्हणजे सर्व वयांचा, वर्ग आहे. वरच्या वयाला मर्यादा नाही. सराव शनिवार-रविवारी. रविवारी रात्री सगळे आपापल्या घरी, सोमवारी कुणी ऑफिसात, कुणी शाळेत.

आता ‘मोठी माणसं’ या मुद्द्याकडे नीट बघा. ज्युनिअर कोअरमध्ये सोळा वर्षांचा मुलगा एकवीस वर्षांच्या सज्ञान मुलांसोबत असतो, आणि तोही आठवड्यातले दोन दिवस नाही तर दोन-अडीच महिने सलग. रात्री बसमध्ये झोपायचे, पहाटे एखाद्या शाळेच्या जिमच्या फरशीवर हवेची गादी फुगवून उरलेली झोप काढायची, उठून उन्हात दहा-बारा तास सराव, संध्याकाळी शो, पुन्हा बस. जेवण कोअरच्या फिरत्या स्वयंपाकघरातून, आंघोळ शाळेच्या शॉवरमध्ये. मुलाला ओरडणारे, शिकवणारे आणि औषध देणारे सगळे मोठेच, आणि आई-बाबा हजार मैलांवर. म्हणजे अल्पवयीन आणि सज्ञान एकत्र येणे दोन्हीकडे आहेच. फरक वयाच्या अंतरात आहे आणि सोबत किती रात्री काढायच्या त्यात. ऑल-एजमध्ये अंतर मोठे, रात्री थोड्या. ज्युनिअरमध्ये अंतर छोटे, रात्री खूप.

इतिहासही हेच सांगतो. २०१८ मध्ये ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने ‘द कॅडेट्स’ या नावाजलेल्या कोअरच्या संचालकावर अनेक महिलांनी केलेले लैंगिक गैरवर्तनाचे आरोप छापले. संचालकाने राजीनामा दिला, आणि १९३४ पासून चालत आलेले ते कोअर २०२४ मध्ये बंद पडले. ते ज्युनिअर कोअर होते. यावरून ऑल-एज निर्धोक ठरत नाही, पण ‘फक्त मुलांचे’ ही पाटी पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही एवढे नक्की.

ऑल-एजचा खरा कच्चा दुवा वेगळ्याच ठिकाणी आहे: गाडीत. दौऱ्याच्या बस नाहीत, सरावाचे मैदान घरापासून दीड-दोन तासांवर, म्हणून जाणे-येणे कारपूलने. सतरा वर्षांची मुलगी शनिवारी सकाळी पस्तिशीतल्या ट्रम्पेटवाल्याच्या गाडीत बसते आणि रविवारी रात्री अकराला परतते. माणूस बहुधा सज्जनच असतो. तरी कोअरने या प्रवासाबद्दल काही नियम केला आहे का, हे विचारायलाच हवे. ‘ते पालकांनी आपसात ठरवायचं’ असे उत्तर आले, तर ती जबाबदारी सर्वस्वी तुमची आहे हे समजून घ्या.

दुसरी फट कागदपत्रांतली. शिक्षक आणि स्वयंसेवकांची पार्श्वभूमी-तपासणी आता सर्रास होते. ऑल-एजमध्ये मात्र चाळिशीचा ड्रमर हा शिक्षक नसतो, तुमच्या मुलासारखाच सभासद असतो. त्याची तपासणी होते का? सगळीकडे होतेच असे नाही. ज्या कोअरमध्ये अठरा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाची होते, त्याला माझे निम्मे मत तिथेच.

तिसरी गोष्ट दारूची. अमेरिकेत एकविसाव्या वर्षापर्यंत पिण्यास मनाई. शो संपल्यावर पार्किंगमध्ये शीतपेट्या उघडतात, आणि मोठ्यांनी आठवडाभर वाट पाहिलेली असते. चांगल्या कोअरमध्ये गणवेश अंगावर असताना आणि अल्पवयीन सभासद आसपास असताना दारू नाही, असा लेखी नियम असतो. नियम आहे का हे फोनवर कळते. पाळला जातो का, ते पार्किंगमध्ये अर्धा तास थांबल्यावर.

शिकण्याच्या बाजूने पाहिले तर मला ऑल-एज जास्त आवडते, हे मोकळेपणाने सांगतो. ज्युनिअर कोअरची पातळी वरची आहे यात वाद नाही; रोज बारा तास घासल्यावर ती येणारच. पण ऑल-एजच्या स्नेअर ड्रमच्या रांगेत तुमच्या पोराच्या डाव्या हाताला कधी कधी असा माणूस उभा असतो, ज्याने विशीत चार उन्हाळे दौरे केले आणि आता अकाउंटंटची नोकरी सांभाळून वाजवतो. तो पाण्याच्या सुट्टीत मुलाची डावी काठी हातात घेतो, पकड अर्धा इंच मागे सरकवतो, “आता वाजव” म्हणतो. इतकी सलगी शिक्षकाला प्रत्येकाशी जमत नाही. वाद्य आयुष्यभर वाजवता येते, ते एकविसाव्या वर्षी संपत नाही, हेही मुलाला शेजारीच दिसते. आपल्याकडे ढोलपथकात कॉलेजची पोरे आणि पन्नाशीचे काका एकाच रांगेत ठेका धरतात, त्यातलाच हा प्रकार. इथल्या महाराष्ट्र मंडळांची पथके पाहिलेल्या मुलांना तो परका वाटत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्ण कोअरमध्ये अठराच्या आतली दोनच मुले असतील तर तुमचे पोर सुट्टीत फोन घेऊन कोपऱ्यात बसेल. गप्पा गृहकर्जाच्या, घटस्फोटाच्या, कधी चावट विनोदांच्या. मोठी माणसे मूल शेजारी आहे हे विसरतात. वाईट हेतूने नव्हे, विसरतातच. म्हणून ‘तुमच्याकडे अठराखालचे किती?’ हा आकडा मागा. आठ-दहा असतील तर त्यांचा आपला एक कंपू जमतो.

पैशांचा फरक मोठा आहे. वर्ल्ड क्लासचा उन्हाळा आज साधारण पाच-सहा हजार डॉलर आणि वर विमानाची तिकिटे. ऑल-एजची वर्गणी त्याच्या तुलनेत फारच कमी, बहुतेक ठिकाणी हजाराच्या आगेमागे. त्यात पेट्रोल मिळवा. शिवाय आठवड्याचे पाच दिवस मोकळे राहतात. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कॉलेज प्रवेशाचे निबंध लिहायचे असतात आणि एखादी नोकरी करायची असते, तेव्हा याची किंमत कळते. जेवणाचे म्हणाल तर दौऱ्यावर शाकाहारी पदार्थ आधी कळवून मिळतात, पण रोज चवीचे मिळतील ही आशा ठेवू नये. ऑल-एजला घरचा डबा चालतो.

कानांचे मात्र दोन्हीकडे सारखेच. ड्रमच्या रांगेत आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. साचा घेऊन बनवलेले इअरप्लग पहिल्या सरावाआधी घ्या. आणि मुलगी बँडात क्लॅरिनेट वाजवत असेल तर आधीच सांगा: इथे लाकडी फुंकवाद्ये नाहीत. मेलोफोनसारखे पितळी वाद्य शिकावे लागेल, नाहीतर झेंडे फिरवत नाचणाऱ्या कलर गार्डमध्ये जावे लागेल. पियानो येत असेल तर मैदानाच्या पुढे मांडलेल्या मारिम्बांकडे, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यांकडे, वाट आहे.

माझा कौल असा. मूल पंधरा-सोळाचे, घराबाहेर फारसे न राहिलेले, आणि दीड-दोन तासांत एखादे नीट चालवलेले ऑल-एज कोअर आहे: तिथेच घाला, पहिल्या वर्षी गाडी स्वतः चालवा. अठरा पूर्ण, एक वर्ष ऑल-एज किंवा दौरा नसलेल्या छोट्या गटात काढलेले, पैशांची सोय झालेली: ज्युनिअर कोअरची ऑडिशन द्यायला हरकत नाही, बाविशीपर्यंत वेळ आहे. जवळच्या ऑल-एज कोअरने गाडी, तपासणी आणि दारू या वरच्या तीन प्रश्नांना धड उत्तरे दिली नाहीत, तर कितीही जुने आणि नावाजलेले असो, सोडून द्या.

राहिले ते स्वतः ट्रॉम्बोन वाजवणारे बाबा, ज्यांना मुलासोबत त्याच कोअरमध्ये उतरायचे आहे. नियमाने चालते, अशा बाप-लेकांच्या जोड्या ऑल-एजमध्ये आहेतही. फक्त फॉर्म भरण्याआधी मुलाला विचारा, आणि तो “नको” म्हणाला तर निदान पहिले वर्ष पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या स्वयंसेवकांत नाव द्या.