विज्ञान परिषद काढायची तर सोसायटी की कलम 8 ची कंपनी?

जिल्ह्यातले विज्ञान शिक्षक आणि हौशी अभ्यासक एकत्र आले की पहिला वाद नोंदणीचा. माझं मत स्पष्ट आहे: सोसायटी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते. सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते; वर्गणी भरणाऱ्या शिक्षकाचं मत प्राध्यापकाच्या मताइतकंच मोजलं जातं, आणि विज्ञानप्रसाराला हेच शोभतं. उद्दिष्टं बदलायची तर तीन-पंचमांश मतं, तीही महिन्याच्या अंतरानं दोन सभांत. म्हणजे घाईला आळा. खरी डोकेदुखी बदल अर्जाची: नवी कार्यकारिणी आली की ते कळवणारा हा अर्ज 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा. इथे हयगय झाली की पुढे वाद चिघळतात, म्हणून चिटणीस काटेकोरच हवा.

कलम 8 ची कंपनी (2013 च्या कंपनी कायद्याखालची) दोघांतही निघते. नफा वाटता येत नाही. कारभार संचालक मंडळाकडे. दरवर्षी लेखापरीक्षण आणि कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रं. त्यामुळे मोठे देणगीदार तिच्याकडे विश्वासानं पाहतात. प्रयोगशाळा चालवायची असेल तर हीच घ्यावी. मात्र नियमावलीत बदल करायला सरकारी मंजुरी लागते.