कागद अस्सल, बोट भलतीच

वापरलेली फायबर बोट घ्यायचा विचार असेल आणि कुणी ती मे महिन्यात स्वस्तात देत असेल, तर हे आधी वाचा. आम्हाला ज्या रीतीने गंडवलं त्यात नोंदणीचा एकही कागद बनावट नव्हता. प्रमाणपत्र अस्सल, शिक्का अस्सल, बंदर कार्यालयाच्या रजिस्टरात नंबरही सापडला. फक्त ते कागद दुसऱ्याच बोटीचे होते.

आम्ही भावंडं दाभोळ खाडीत हौसेने गळ टाकतो. धंदा नाही, म्हणून वीस फुटी बोट आणि बोटीच्या मागे बाहेरून लावायचं एक आउटबोर्ड इंजिन एवढंच हवं होतं. ओळखीतून रायगडकडचा एक दलाल भेटला. बोट ओंडक्यांवर चढवलेली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर झापं. "पाऊस तोंडावर आलाय भाऊ, मालक मुंबईत असतात, जागा रिकामी करायचीय. म्हणून साडेतीनला सोडतोय, नाहीतर पाचाच्या खाली बोललो नसतो."

त्याची खरी चलाखी होती ती ह्या मुहूर्तात. कोकणात त्या दिवसांत बोटी वर ओढलेल्याच असतात. पाण्यात उतरवून दाखव म्हणायची सोय नसते आणि पावसाळा सरेपर्यंत सर्व्हेला, म्हणजे बोटीच्या सरकारी तपासणीला, कुणी येत नाही. तेवढ्या महिन्यांत पैसे पचवून माणूस नामानिराळा.

सर्व्हेची मुदत २०२० सालीच संपलेली होती. त्याचं उत्तर तयार: कोविडमध्ये बोट बंद पडली ती पडलीच. भाऊ प्रमाणपत्राची प्रत घेऊन बंदर कार्यालयात जाऊन आला. नंबर बरोबर, मालकाचं नाव बरोबर, बँकेचा बोजा नाही. विक्रीपत्र स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर. दोन लाख चेकने दिले, दीड लाख रोख. रोखीची पावती मागितली तर म्हणाला, "आपल्यात पावती कसली?"

नारळी पौर्णिमा झाल्यावर सर्व्हेचा अर्ज केला. सर्व्हेअर आले ते टेप घेऊनच. प्रमाणपत्रावर लांबी ६.१० मीटर. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत टेप धरली तर ५.६५. पुन्हा धरली, तेवढीच. रुंदीही कमी भरली. "फायबर आटतं का हो कधी?" त्यांनी एवढंच विचारलं.

मग त्यांनी खिशातून ब्लेड काढलं आणि नंबराशेजारचा निळा रंग खरवडला. दहा-बारा वर्षं वापरलेल्या बोटीवर जुन्या रंगांचे चार थर तरी निघतात. इथे निळ्याखाली थेट पुट्टी, आणि पुट्टीखाली पंजाएवढा घासून काढलेला चौकोन. तिथे आधी काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. इंजिनाचीही तीच गत. सीरियल नंबरची पट्टी कागदाशी अक्षरन् अक्षर जुळत होती, पण ब्रॅकेट खाऱ्या हवेने खाल्लेला आणि पट्टीचे रिव्हेट मात्र चकचकीत. कित्येक आउटबोर्डवर तोच नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर नाण्याएवढ्या चकतीवर पुन्हा ठोकलेला असतो. आमच्या इंजिनाच्या चकतीवर वेगळाच आकडा निघाला.

प्रमाणपत्रावरच्या पत्त्यावरून मूळ मालक सापडले. भले गृहस्थ. त्यांची बोट ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात धक्क्यावर आपटून फुटली होती. सांगाडा आणि इंजिन भंगारात नेताना दलालाने "आता तुम्हाला काय उपयोग" म्हणत फाइलही नेली आणि हस्तांतरणाच्या कोऱ्या अर्जावर सही घेतली. बोट संपली, पण नोंदणी रद्द न झाल्यामुळे रजिस्टरात ती जिवंतच राहिली. त्या नंबरावर आमच्याआधी आणखी कुणाला बोट विकली असेल का, हे पोलिसही बघतायत.

हा मामला पैशापुरता राहत नाही. २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' ही पळवलेली मच्छीमार बोट घेऊन मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून नंबर न जुळणारी बोट खाडीत दिसली की सागरी पोलीस पहिला संशय चालवणाऱ्यावर घेतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तक्रार नोंदवली. पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. दोन लाखांचा माग चेकमुळे लागला. दीड लाखांचं तो साफ नाही म्हणतो. आमच्या बाजूने उभे राहिले ते त्याचेच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि पहिल्या दिवशी भावाने काढलेले बोटीचे फोटो. पोलिसांनी सगळ्यात आधी तेच मागितले.

तेव्हा बोट बघायला जाल तर मूळ प्रमाणपत्र मागा आणि टेप सोबत न्या. लांबी, रुंदी, खोली तिथेच मापा. झेरॉक्सवर भागवणाऱ्याशी पुढे बोलूच नका. बोट बांधणाऱ्याचा दाखला आणि इंजिनाचं पहिलं बिल मागा, आणि बिलात नौका कसली लिहिलीय तेही वाचा. मासेमारी नौकेवर जीएसटी ५ टक्के, हौसेच्या बोटीवर २८ होता आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय. त्यामुळे हौसेच्या बोटीचं बिल मच्छीमार नौकेच्या नावाने फाडणारेही भेटतात. मालकाशी दलालाच्या फोनवरून बोलू नका, कागदावरच्या पत्त्यावर जाऊन भेटा. नोंदणी नावावर करून देतो म्हणून फाइल ठेवून घेणारा दलाल असेल तर ती त्याच दिवशी परत आणा.

आमच्या बोटीचा पंचनामा झालाय, ती पाण्यात उतरवता येत नाही आणि विकताही येत नाही. निसर्ग किंवा तौक्ते वादळात ज्यांच्या बोटी गेल्या आणि कागद भंगारवाल्याकडे किंवा दलालाकडे राहिले, त्यांनी नोंदणी रद्द करण्याचा लेखी अर्ज बंदर कार्यालयात द्यावा आणि पोच शिक्क्यासह घ्यावी. कोऱ्या अर्जावर सही दिली असेल तर तेही त्यात लिहावं.