८ बाय ४२ ची दुर्बीण, दोन लेकरं आणि नाथसागर : दीड वर्ष वापरून झाल्यावर

पहिले एक काम करा. घरातली स्केलपट्टी घ्या, लेकराला समोर बसवा, लांब कुठंतरी बघायला सांगा आणि दोन बुबुळांच्या मधलं अंतर मोजा. दुर्बीण घ्यायचं डोक्यात असेल तर बजेट, कंपनी, ऑफर हे सगळं नंतर, आधी दुर्बिणीच्या दोन नळ्या लेकराच्या डोळ्यांएवढ्या जवळ येतात का ते बघायचं. मला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं म्हणून पहिल्यांदा चुकीच्या दुर्बिणीत बाराशे रुपये गेले, आणि दुसऱ्यांदा साडेआठ हजाराची घरी आल्यावर कळलं की चौघांपैकी तिघांनाच ती बसतेय.

मी छत्रपती संभाजीनगरला बँकेत आहे. दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार एवढंच काय ते हातात, त्यातला एखादा रविवार लग्नात नाहीतर वास्तुशांतीत जातोच. लग्नाआधी मी किल्ले करायचे, देवगिरी तर घरचाच पण अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा, तिकडं पितळखोऱ्याच्या लेण्या, सगळं पायी फिरलेय. आता थोरला चौथीत आणि धाकटी सिनियर केजीत, चार तासाची चढण यांना घेऊन जमत नाही आणि यांना सोडून मला जायचं नाही. म्हणून असं काहीतरी पाहिजे होतं जे तासाभरात पण होतं, सकाळी डबे भरायच्या आधी गच्चीवर पण होतं, आणि लेकरं सोबत असली तर उलट जास्त चांगलं होतं. पक्षी बघणं तसं आहे. लेकरांची नजर आपल्यापेक्षा तेज असते, झाडात हललेलं पान त्यांना आधी दिसतं.

आता बाराशेवाल्या दुर्बिणीबद्दल, कारण अशा ऑनलाईन लई विकायला आहेत आणि लोक घेतात पण. अंगावर मोठ्या अक्षरात २० बाय ५० लिहिलेलं, पुढच्या काचा लालचुटूक, दिसायला एकदम भारी. त्या लाल काचांचं असं असतंय की काचेवरचा तो थर लाल उजेड परत फिरवतो, म्हणून आत सगळं हिरवट आणि मळकं दिसतं. आणि २० पट म्हणजे पक्षी २० पट मोठा तसं आपल्या हाताचं थरथरणं पण २० पट मोठं. थोरला हिमायत बागेत ती घेऊन पंधरा मिनिटं नुसता "आई कुठंय, दिसंना" करत होता, शेवटी माझ्या हातात देऊन पळायला गेला. चूक त्याची नव्हतीच.

मग ८ बाय ४२ घेतली. यातला ८ म्हणजे आठ पट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमधे. ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतात. म्हणजे मागच्या काचेतून जो उजेडाचा गोल ठिपका बाहेर पडतो तो सव्वापाच मिलिमीटरचा असतो, दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडं केली की तो ठिपका स्वतः बघता येतो. लेकरांसाठी हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. खिशात मावणाऱ्या १० बाय २५ मधे तोच ठिपका अडीच मिलिमीटरचा होतो, त्यात डोळा जरासा इकडं तिकडं झाला की काळं दिसतं आणि लेकरू काही एका जागी डोळा धरून थांबत नाही. सव्वापाचमधे डोळा हलला तरी चित्र राहतं. शिवाय पहाटे, दिवस उगवायच्या आधी, जेव्हा पक्षी सगळ्यात जास्त हलत असतात तेव्हा याच्यात उजेड भरपूर येतो. दुकानदार तुम्हाला १० पट घ्या म्हणणार, आकडा मोठा म्हणून. घेऊ नका, निदान लेकरांसाठी तरी.

माझी सरळ नळ्यांची आहे, रूफ प्रिझमवाली, आत बॅक-४ काच (म्हणजे प्रिझमची चांगल्यातली काच), वजन ६६० ग्रॅम. ह्यांना चष्मा आहे, तर डोळ्याजवळचे रबरी कप आत फिरवून चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो (हे दुकानात चष्मा घालूनच बघा, काहींमधे कडा कापल्या जातात). जवळचं साधारण दोन मीटरवरचं पण स्पष्ट होतं, त्यामुळं कढीपत्त्यावरचं फुलपाखरू पण बघता येतं आणि पक्षी नसले तरी लेकरांचा वेळ जातो.

खरी परीक्षा झाली नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर. जायकवाडी आपल्याकडं कुणाला नवीन नाही, १९७६ ला धरण झालं, पाण्याची पातळी किती हे इथं लहान लेकरू पण विचारतं कारण प्यायचं पाणी तिथूनच येतं. पण ते पक्षी अभयारण्य पण आहे, १९८६ पासून, हे माझ्या बँकेतल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. आम्ही शहरातून पहाटे पाचला निघतो, पन्नासेक किलोमीटर, लेकरं मागच्या सीटवर चादरीसकट झोपलेली, आत्याबाईंनी रात्रीच दशम्या करून ठेवलेल्या. नोव्हेंबरात गेलो तेव्हा धरण भरलेलं होतं, पाणी पार कडेच्या बाभळींपर्यंत, आणि पक्षी लांब. नुसत्या डोळ्यांनी काळे ठिपके. दुर्बीण लावली आणि ठिपक्यांचे पक्षी झाले.

पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, आठ पटीत अगदी मोजता येतात. हे पक्षी तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून इथं येतात. थोरल्याला सांगितलं तर तो दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही, दुर्बीण खालीच घेईना. शेजारी एक काका चप्पू (मासे धरायची छोटी होडी) काठाला लावून जाळं झटकत होते, त्यांनी विचारलं काय बघायलेत ताई एवढं. त्यांना दिली बघायला. त्यांनी आधी पलीकडं कुणाचा चप्पू आहे ते बघून घेतलं, मग हंसांकडं बघून म्हणले, "हे व्हय, हे रात्रीच्याला हरभऱ्यात उतरतेत, शेतकरी लई वैतागतेत यांला." पक्षी दिवसभर पाण्यावर का नुसते बसून असतात ते मला त्या काकांमुळं कळलं.

आणि वारकरी. काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर शेकड्यानं एका बाजूला सरकत जातात. नाथांच्या पैठणात वारकरी नावाचा पक्षी, हे धाकटीला इतकं आवडलं की षष्ठीच्या गर्दीतले वारकरी आणि पाण्यातले वारकरी यांचं तिनं घरी एकच चित्र काढलं. जानेवारीपासून पाणी उतरायला लागलं की कडेचा गाळ उघडा पडतो, तेव्हा शेकाट्या, चमचे, चित्रबलाक असे पक्षी जवळ येतात. रोहित (फ्लेमिंगो) पण उथळ पाण्यातच येतात, भरलेल्या धरणात त्यांचं पोट भरत नाही. त्यामुळं लहान लेकरं घेऊन पहिल्यांदाच जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारी बघा. वेळ कमी असेल तर पैठणपर्यंत न जाता नगर रोडवर कायगावला थांबलं तरी चालतं, प्रवरा आणि गोदावरी जिथं मिळतात तिथं धरणाचं पाणी मागं भरलेलं असतंय. आणि तेवढा पण वेळ नसेल तर शहरातलं सलीम अली सरोवर आहेच, ऑफिसमधून येताना बाहेरच्या रस्त्यावरून वीस मिनिटं बघायचं.

पक्ष्यांशिवाय पण हिचा उपयोग होतो. वेरूळला कैलास लेण्यात आपण खालूनच बघून येतो. आम्ही बाजूच्या डोंगरावरून वर गेलो, तिथून मंडपाच्या छतावर दगडातलं मोठं कमळ आणि त्याच्या भोवतीचे चार सिंह दिसतात. लेकरांनी दुर्बिणीतून सिंहाच्या तोंडातले दात बघितले, कोण जास्त रागात आहे त्यावरून भांडण झालं. (वर कठडा सगळीकडं नाही, लेकराचा हात सोडून दुर्बीण डोळ्याला लावू नका. आम्ही एकानं धरायचं आणि एकानं बघायचं असं ठरवलं होतं.) अजिंठ्याला व्ह्यू पॉईंटवरून वाघोरा नदीच्या वळणातल्या सगळ्या लेण्यांचे दरवाजे एका ओळीत दिसतात, तिथं पण न्या. आणि रात्री गच्चीवर. कठड्यावर कोपर टेकवून चंद्र बघा, पौर्णिमेचा नको, अष्टमीच्या आसपासचा, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि खड्डे उठून दिसतात. गुरू दिसत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूला बारीक टाचणीच्या टोकाएवढे चार उपग्रह, कधी तीन दिसतात कारण एखादा मागं गेलेला असतो. शनीची कडी मात्र यात दिसणार नाहीत, लेकरांना आधीच तसं सांगून ठेवा.

आता जे चांगलं नाही ते. आठ महिन्यांत उजव्या डोळ्याचा रबरी कप सैल झाला, फिरवला की सरळ हातात यायचा. कंपनीला कुरिअर केलं, वॉरंटी होती तरी पाच आठवडे लागले. चार फोन, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी परत. ते पाच आठवडे डिसेंबर-जानेवारीचे होते, म्हणजे वर्षभरातले सगळ्यात चांगले, त्याचा राग मला अजून आहे. त्यांनी कप बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण हंगाम कोण परत देणार. पुढच्या काचांची झाकणं पण बेस नाहीत, एक नाथसागराच्या गाळात गेलं ते गेलंच. आणि उजव्या डोळ्याजवळची ती रिंग, जी दोन डोळ्यांच्या नंबरमधला फरक जुळवायला असते, ती बॅगेत आपोआप फिरते. त्याच्यावर उपाय म्हणून मी नेलपेंटचे ठिपके दिलेत, लाल माझा, निळा ह्यांचा, हिरवा थोरल्याचा. ज्याच्या हातात दुर्बीण त्यानं आपला ठिपका जुळवायचा. रिंग कशी बसवायची ते सोपं आहे, उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्यासाठी स्पष्ट करायचं, मग डावा मिटून नुसती रिंग फिरवायची. हे न करता लोक महिनोन्‌महिने धूसर बघतात आणि दुर्बिणीला नावं ठेवतात.

सोबत येणारा गळ्यातला पट्टा काढून टाका. ६६० ग्रॅम नऊ वर्षाच्या मानेवर तासभर राहिले की लेकरू कंटाळतं आणि आपल्याला वाटतं त्याला पक्ष्यांची आवड नाही. दोन्ही खांद्यांवरून मागं जाणारा पट्टा मिळतो, मी साडेचारशेला घेतला, वजन पाठीवर जातं आणि पळताना दुर्बीण छातीवर आपटत नाही. हे साडेचारशे मी परत दहा वेळा देईन.

काच पुसायची म्हणजे ओढणीनं नाही. आपल्याकडच्या धुळीत बारीक खडे असतात, आधी फुंकणीनं धूळ उडवायची आणि मगच मऊ कापड. पावसाळ्यात काचेवर आतून बुरशी येऊ नये म्हणून मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, सोबत नव्या चपला-पर्सच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, इथं बाहेर ४२ असतं तेव्हा आत काय होतं ते सांगायला नको, आतलं ग्रीस पातळ होऊन काचेवर येऊ शकतं.

सूर्याकडं कधीच नाही. क्षणभर पण नाही, उगवता-मावळता पण नाही, डोळा कायमचा जातो. आमच्याकडं नियम असा की पाठ सूर्याकडं करून उभं राहायचं, त्यात पक्ष्यांवर उजेड पण चांगला पडतो. आणि दुर्बीण पहिल्यांदा हातात देताना लेकराला एवढंच शिकवा की पक्षी आधी उघड्या डोळ्यांनी बघायचा, नजर तिथंच ठेवायची आणि दुर्बीण वर डोळ्याशी आणायची. नजर खाली करून दुर्बीण शोधली की पक्षी हरवला. थोरल्याला हे जमायला दोन रविवार लागले, आता तो माझ्या आधी पकडतो.

राहिली धाकटी. दुर्बिणीच्या दोन नळ्या मिटवून जवळ आणल्या तरी माझ्या दुर्बिणीत ५६ मिलिमीटरच्या खाली येत नाहीत आणि बऱ्याचशा मोठ्या दुर्बिणींचं असंच आहे. थोरला ५६ ला कसाबसा बसला. धाकटीचं अंतर ५०, तिला दोन वेगळे गोल आणि मधे काळं दिसायचं, तरी बिचारी दिसतंय म्हणायची कारण दादाला दिसतंय. हे मला चार वेळा जाऊन आल्यावर कळलं, जेव्हा तिला विचारलं पक्ष्याचा पाय कोणत्या रंगाचा आणि ती रडायला लागली. आता तिला एकाच नळीतून बघायला देते, दुसरा डोळा हातानं झाकून, मी मागून धरते आणि चाक ती फिरवते. शेकाट्याचे गुलाबी पाय तिनं तसेच बघितले. दर काही महिन्यांनी दोघांचं माप घेऊन फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवतो, परवा तिचं ५१ भरलं.