गच्चीला कोबा की कोटिंग?

परतीचा पाऊस आटोपलाय, वरच्या खोलीच्या छतावर ओलीचे नकाशे उमटलेत आणि रंगारी म्हणतोय, "दिवाळीआधी एक हात मारून देतो." त्याला थांबवा. ओल्या छतावर मारलेला रंग होळीपर्यंत पोपडे धरतो आणि पुढच्या जूनमध्ये नकाशा त्याच जागी परत हजर. खर्च छतावर नाही, गच्चीवर करायचाय. मग मिस्त्रींची ये-जा सुरू होते. एक सांगतो ब्रिकबॅट कोबा करा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर; दुसरा सांगतो कोटिंगवर भागेल, म्हणजे रंगासारखा पाणी अडवणारा लेप. आमच्या पुण्यातल्या घरी दोन्ही करून झालंय, तेही आधी चुकीचं आणि मग बरोबर.

मिस्त्रीला बोलावण्याआधी दोन गोष्टी स्वतः बघा. पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झाले आणि छतावरचा डाग कडेने वाळत पिवळसर-तपकिरी होत चालला, तर पाणी पावसाचं. डाग अजून ओला असेल किंवा वाढतच असेल, तर गच्ची सोडा, टाकी आणि तिचे पाइप तपासा. हा फरक ऑक्टोबर-नोव्हेंबरात जितका स्वच्छ कळतो तितका मे महिन्यात कळत नाही. तोवर सगळं कोरडं ठाक झालेलं असतं आणि मिस्त्री अंदाजाने बोट दाखवतो.

दुसरी परीक्षा खडूची. संध्याकाळी पाइपने सगळी गच्ची भिजवा, पाणी जायची जाळी साफ आहे ना ते बघा आणि सकाळी जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे खडूने रेघ मारा. आमच्याकडे जिन्याच्या खोलीला लागून परातीएवढं डबकं निघालं. त्यात रुपयाचं नाणं आडवं ठेवलं तर बुडत होतं.

नेमकं याच जागेवर आम्ही आधी कोटिंग मारून घेतलं होतं. पांढरंशुभ्र, तीन हात, वर सात वर्षांच्या हमीचा कागद. दुसऱ्याच पावसाळ्यात डबक्याच्या जागी फुगे आले. बोटाने कड उचलली तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा हातात आला. कागद काढून वाचला तर खाली बारीक अक्षरात, "पाणी साचणारी जागा वगळून." कंत्राटदाराशी भांडण्यात अर्थ नव्हता, कारण चूक मालाची नव्हतीच. गच्चीवर मारतात ते अ‍ॅक्रिलिक कोटिंग लवचिक असतं, केसासारख्या भेगा छान झाकतं, पण दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलं की मऊ पडतं आणि पकड सोडतं. मुख्य म्हणजे कोटिंग उतार देत नाही. खड्ड्यावर मारलं तर खड्डा पांढरा होतो, एवढंच.

उतार देतो तो कोबा. स्लॅबवर आधी सिमेंटचा थर, त्यावर पाण्यात मुरवलेले विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मालात बसवायचे, जाळीकडे शंभर इंचाला साधारण एक इंच उतार ठेवायचा, फटी भरायच्या, वरून घोटाई करून दोरीने चौकोन पाडायचे. कठड्याच्या मुळाशी गोलसर वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी सिमेंटची पट्टी, मारून घ्यायचा. पाणी आत शिरतं ते बहुतेक या कोपऱ्यातूनच, त्यामुळे मिस्त्री वाटा मारत असताना तुम्ही तिथे उभं राहा, चहा नंतर पाजा. पुढे निदान आठवडाभर बांध घालून पाणी भरून ठेवायचं. हे थंडीत सोपं जातं. उन्हाळ्यात सकाळी भरलेलं पाणी दुपारी उडून जातं आणि नव्या कोब्याला पहिल्याच महिन्यात भेगा पडतात. नीट केलेला कोबा पंधरा-वीस वर्षं बघावं लागत नाही.

पण कोबा जड. सरासरी साडेचार इंच जाडी धरली तर चौरस फुटाला सुमारे वीस किलो. आमच्या पाचशे चौरस फुटांना दहा टन, म्हणजे दोन हत्ती कायमचे डोक्यावर. म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून जिना दाखवावा. जुना फोडायला हवा, त्याचा राडारोडा उचलायचा खर्च वेगळा आणि फोडताना खालच्या छताचं प्लास्टर सुटू शकतं. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या सळया दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग मिस्त्री. एकूण खर्च कोटिंगच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो.

तेव्हा जुना कोबा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. आवाज भरीव येत असेल, पाणी साचत नसेल आणि नुसत्या बारीक भेगा असतील, तर तो फोडणं म्हणजे पैसे जाळणं. तिथे कोटिंगच योग्य. तीन-पाच वर्षांनी पुन्हा हात मारावा लागेल हे मात्र धरून चाला. पांढऱ्या रंगाने एप्रिल-मेमध्ये खालची खोली थोडी कमी तापते, तो वरचा फायदा. घाई करू नका. रात्री गच्चीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवा, सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर गच्ची अजून ओली आहे. डिसेंबरात दव पडतं, त्यामुळे कामाला नऊ-दहाच्या आधी सुरुवात नको. भेगा आधी उघडून भरायच्या, कोपऱ्यांवर जाळीचं कापड बसवायचं. कठड्याच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर नुसता उपटू नका. मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. प्लास्टर उघडून मुळासकट काढा.

आता कुंड्या. गच्चीवर बाग असेल तर माझा कौल कोब्याकडे झुकतो. कोटिंगवर कुंडी सरकवली की ओरखडा पडतोच, आणि कुंडीखालचं ओलं वर्तुळ म्हणजे लहानसं डबकंच. कोटिंगच करायचं असेल तर कुंड्या लोखंडी स्टँडवर चढवा, नुसत्या विटांवर नको. काम चालू असताना सगळ्या कुंड्या अंगणात उतराव्या लागतात. कंबर दुखते, पण गुलाबाच्या छाटणीचे दिवस तेच, त्यामुळे खाली बसून निवांत छाटता येतात. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. साधारण दीड महिन्याने फुलं येतात, तोवर गच्ची तयार असते.

पत्र्याच्या शेडचा पर्याय लोक हमखास सुचवतात. गळती झाकली जाते हे खरं, पण महापालिकेची परवानगी, पावसाचा आवाज आणि गेलेलं ऊन यांचा हिशेब आधी करा. वाळवण, शेवंती, सगळ्यालाच ऊन लागतं.

सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर हा खर्च एकट्याच्या खिशातून करू नका. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. डाग ओला आहे तोवर तारखेसकट फोटो काढा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मार्चमध्ये वाळलेला डाग दाखवाल तर सेक्रेटरी म्हणतील, "गळतंय कुठे?"