योनीचा पीएच मोजायची पट्टी: घ्यावी का?

अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली की दुकानातून बुरशीवरची गोळी आणायची, ही आपल्याकडची सवय. ती गोळी मुळात लागू पडेल का, याचा अंदाज ही पट्टी देते. तिचं काम तेवढंच, पण नीट वापरली तर ती ते चोख करते.

पाळीच्या वयात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन ही साखर साठते. त्यातून लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 3.8 ते 4.5 राहतो. त्यांच्या जातींपैकी क्रिस्पॅटस भरवशाचा राखणदार, इनर्स तितकासा नाही. हे जिवाणू कमी झाले की गार्डनरेला ही दुसरी जिवाणूची जात आणि तिचे सोबती माजतात, पीएच 4.5 च्या वर जातो, पातळ करडा स्राव आणि मासळीसारखा वास येतो. हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्यात एचआयव्ही, क्लॅमिडिया अशा संबंधातून पसरणाऱ्या आजारांची लागण आणि गरोदरपणी अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका वाढतो, म्हणून अंगावर काढू नये.

1 ते 14 मापाचा कागद घेऊच नका, त्यावर 4.4 आणि 5 चा रंग जवळजवळ सारखाच दिसतो. 4 ते 7 किंवा त्याहून अरुंद मापाची, अर्ध्या किंवा त्याहून लहान टप्प्यांची पट्टी हवी.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा, साबणाचा अंशही पीएच वाढवतो. स्वच्छ कापूसकाडी योनीच्या बाजूच्या भिंतीवर फिरवा. फार आत नको, गर्भाशयमुखाचा चिकट स्राव आकडा चढवतो. काडी पट्टीवर घासून पाकिटावर दिलेल्या वेळेतच रंग जुळवा. वाळलेली पट्टी फसवते.

बहुतेक चुका वेळेच्या असतात. रक्ताचा पीएच सुमारे 7.4, वीर्याचाही 7 च्या वर. त्यामुळे पाळीत, संबंधानंतर दोन दिवस किंवा योनीत क्रीम-गोळी ठेवली असताना मोजू नका. पाळी कायमची गेल्यावर संसर्ग नसतानाही आकडा चढाच असतो, त्या वयात ही पट्टी फारशी कामाची नाही.

बुरशीत पीएच बहुधा 4.5 च्या आतच राहतो. आकडा वर आणि वासही असेल तर बुरशीची गोळी वाया जाते. पण ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीच्या संसर्गातही आकडा चढतो. फरक तपासणीतच कळतो. क्लॅमिडिया, गनोरिया, एचआयव्ही तर या पट्टीला कळतच नाहीत. आकडा उतरवायला दही, व्हिनेगर किंवा वॉश आत घालू नका, कृपा करून. आतून धुण्याने राखणदारच वाहून जातात.

व्हजायनोसिस निघाला तर डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोल हे जिवाणूंवरचं औषध 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस देतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर नवऱ्याच्या उपचाराचंही विचारा: 2025 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जोडीदारालाही औषध दिल्यावर 12 आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं.

गरोदरपणी पाण्यासारखं काही गळलं तर पट्टी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.